फरक कशानं पडला, हे विचारणाऱ्या डॉक्टरबाई

डॉ. निर्मलाताई ढोले यांची आणि माझी पहिली भेट झाली ती मी नोकरी मागायला गेले तेव्हा. लॅब टेक्निशियनची पदविका घेऊन मी नुकतीच यवतमाळहून आर्णीला परतले होते. आमचं घर मेकॅनिकांचं. वडील आणि रफिकचाचा मिळून माहूर रोडवर मोटरसायकलींचं गॅरेज चालवीत. घरात पांढरा कोट घालणारी मी पहिलीच, आणि तो कोट कडक इस्त्री करून मी बाईंच्या दवाखान्यात गेले होते. बाईंनी माझं प्रमाणपत्र उघडूनसुद्धा पाहिलं नाही. रक्ताच्या दोन नळ्या पुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "एकाच पेशंटच्या आहेत. दोन्हींची साखर वेगवेगळी काढ आणि सांग."

मी काढली. दोन्ही आकडे जुळले नाहीत. थोडासाच फरक होता, पण होता. एकच माणूस, एकच रक्त आणि आकडे दोन, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार आणि नोकरी गेली असणार! घाबरत घाबरत मी दोन्ही आकडे आले तसे सांगितले. बाई हसल्या. "एवढा फरक मशीन करतंच. तू ते जुळवून आणतेस की काय, एवढंच पाहायचं होतं. उद्यापासून ये."

बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शिबिरांविषयी, त्यांनी केलेल्या अडल्या बाळंतपणांविषयी, कापूस वेचणाऱ्या बायांसाठी त्यांनी चालवलेल्या तपासणीविषयी माझ्यापेक्षा जाणते लोक लिहितील. मी लिहिणार आहे ते एका कॅप्सूलच्या गोष्टीविषयी. ती मी अगदी जवळून पाहिली आहे. माझ्या घरातलं एक माणूस त्या गोष्टीत होतं, म्हणून ती मला विसरता येण्यासारखीही नाही. त्या कॅप्सूलचं नाव मी लिहीत नाही. बाईंनाही ते आवडणार नाही. त्यांचं भांडण नावाशी कधीच नव्हतं.

पण त्याआधी त्यांच्या तरुणपणातली एक हकिकत सांगायला हवी, नाहीतर पुढचं नीट समजणार नाही.

बाईंची पहिली नेमणूक वणीकडच्या एका सरकारी दवाखान्यात झाली होती. तिथे एकदा मजुरी करणाऱ्या एका बाईला तिच्या माणसांनी बैलगाडीतून आणलं. गळ्याभोवती माळ घातल्यासारखी कातडी काळी पडून सोलून निघालेली, हातांवर तसेच पट्टे, पोट बिघडलेलं, आणि बोलणं भ्रमिष्टासारखं. स्वतःच्या मुलाला ती ओळखत नव्हती. घरच्यांनी बाहेरचं म्हणून उतारे करून पाहिले होते. आधीच्या दवाखान्यातून कातडीचं मलम मिळालं होतं. बाईंनी विचारलं, "घरी जेवायला काय असतं?" उत्तर आलं, "कण्या आन् चटणी." सकाळी तेच, रात्री तेच, वर्षभर तेच. नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या माणसाला एका जीवनसत्त्वाची कमतरता होऊ शकते, हे बाईंनी पुस्तकात वाचलं होतं. ते ब गटातलं तिसरं जीवनसत्त्व. त्याच्या साध्या गोळ्या त्यांनी दिल्या आणि बरोबर दूध, डाळ, शेंगदाणे सुरू केले. थोड्याच दिवसांत त्या बाईनं मुलाला नावानं हाक मारली.

ही गोष्ट सांगताना बाईंचा आवाज अजूनही बदलतो. "शबाना, मी डॉक्टर म्हणून पाहिलेला तो पहिला चमत्कार, आणि तो एका व्हिटॅमिननं केला होता," असं त्या म्हणतात. त्यामुळे बाई अशा औषधांना हसणाऱ्यांपैकी आहेत, असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. जीवनसत्त्वाची ताकद त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. म्हणूनच ती कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे पाहण्याचं कष्टाचं काम त्यांनी टाळलं नाही.

करोनाची साथ ओसरल्यानंतरच्या वर्षांत ती कॅप्सूल आमच्या गावात आली. आजाराची भीती लोकांच्या मनातून अजून गेली नव्हती. प्रत्येक घरात कोणी ना कोणी अशक्त झालेलं होतं. अशा वेळी एका मंगल कार्यालयात सभा झाली. पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली गेली. याच ब-तीन जीवनसत्त्वापासून तयार केलेला हा पदार्थ शरीराच्या पेशी नव्या करतो, वय मागे नेतो, गुडघे मोकळे होतात, साखर उतरते, असं सांगण्यात आलं. बाहेरून आलेल्या वक्त्यांवर आर्णीकरांनी कदाचित एवढा विश्वास ठेवला नसता. पण त्या सभेत शेवटी इंगोले सर उभे राहिले.

इंगोले सर आमचे विज्ञानाचे शिक्षक. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलेलं. निवृत्त झालेले, सरळ, कोणाचं वाईट न चिंतणारे. ते म्हणाले, "मी सोता घेऊन राह्यलो. आधी जिना चढताना दम लागे, आता लागत नाही." बस. दुसऱ्या दिवसापासून सरांच्या घरी लोकांची रांग लागली. कंपनीनं डबे सरांकडेच ठेवले होते, आणि सर कॅप्सूल देत ते मनापासून. लोक बरे व्हावेत एवढंच त्यांच्या मनात होतं, हे मी शपथेवर सांगेन.

घेणाऱ्यांत माझे रफिकचाचा होते. त्यांना मधुमेह होता आणि बाईंच्याच गोळ्या चालू होत्या. तोवर मी दवाखान्याशेजारीच स्वतःची लॅब काढली होती. एका सकाळी ते लंगडत तिथे आले. गॅरेजमध्ये पायावर पाना पडला होता आणि जखम बरी होत नव्हती. मी साखर काढली, आकडा पाहिला आणि पुन्हा काढली. मग चाचांना हाताला धरून शेजारी बाईंच्या दवाखान्यात नेलं.

बाईंनी पायातला मोजा हळूच उतरवला. करंगळी काळी पडली होती.

"रफिकभाऊ, गोळ्या घेता ना?"

"गोळ्या तं कवाच्या बंद केल्या, डॉक्टरबाई. कॅप्सूल चालू हाय ना आता. इंगोले सरांनी देली."

"सरांनी गोळ्या बंद करा म्हटलं?"

"नाई, तसं नाई म्हटलं त्याइनं. मिटिंगमधी म्हणत होते का साखर उतरते. मंग मी म्हटलं, दोन दोन कायले खा?"

मला रडू आलं आणि रागही आला. चाचांवर, सरांवर, सगळ्यांवर. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी थांबले. चाचांना त्या एक शब्दही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही बरं व्हायलाच घेतलं होतं ना? मग आता बरंच व्हायचं. यवतमाळला जायचं आहे, आत्ताच." स्वतः फोन करून त्यांनी तिथल्या सर्जनशी बोलणं केलं आणि गाडी बोलावली. चाचांची करंगळी गेली. पाऊल वाचलं. आणखी काही दिवस उशीर झाला असता तर पाऊलही वाचलं नसतं, असं त्या सर्जननी आम्हाला सांगितलं.

आता बाई सरांच्या दारात जाऊन त्यांना चार शब्द सुनावतील, असं गावात सगळ्यांना वाटत होतं. काहींना तर तेच हवं होतं. माझ्या चुलतभावांनी सरांचं घर गाठायची तयारीही केली होती. बाईंनी त्यांना दवाखान्यात बोलावून घेतलं आणि बसवलं. "सरांना शिव्या देऊन उद्या कॅप्सूल खाणारा एक तरी माणूस थांबेल का?" उत्तरही त्यांनीच दिलं. "नाही थांबणार. उलट सरांची दया येऊन आणखी चार जण घेतील. मला थोडे दिवस द्या."

त्यांनी सरांना निरोप धाडला की कंपनीनं दिलेले सगळे कागद घेऊन या, मला वाचायचे आहेत. सर आले ते मान खाली घालून. चाचांचं त्यांना कळलं होतं. पण कागदांची पिशवी टेबलावर ठेवल्यावर त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. ते म्हणाले, "बाई, रफिकनं गोळ्या बंद करायच्या नव्हत्या. ते वाईट झालं. पण म्हणून वस्तू वाईट कशी? यात संशोधनाचे कागद आहेत. पाहा तुम्ही."

"पाहते," बाई म्हणाल्या.

त्या आठवड्यात दुपारची झोप सोडून त्या वाचत बसलेल्या मी पाहिल्या आहेत. भिंगाचा चष्मा, हातात पेन्सिल, शेजारी गार झालेला चहा. इंटरनेटवरून मूळ निबंध शोधून द्यायचं काम त्यांनी मला दिलं होतं. मला वाटलं होतं, त्या दोन पानं वाचतील आणि 'सब झूट' म्हणून बाजूला ठेवतील. त्यांनी शेवटचं पानही सोडलं नाही.

मग सरांना परत बोलावलं. त्या बैठकीला मी हजर होते. बाईंनी सुरुवात केली ती कॅप्सूलच्या बाजूनं.

"सर, यातलं एक खरं आहे. हा पदार्थ पोटात गेला की शरीरातल्या एका घटकाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. ते त्यांनी माणसांत मोजलेलं आहे. आणि तो घटक शरीराला लागतो, हेही खरं."

सरांचा चेहरा उजळला. "मग?"

"मग पुढचं पान. वय मागे गेलं, ताकद वाढली, असं जे छापलंय ते बहुतेक उंदरांवरचं आहे. माणसांवर जे प्रयोग झाले ते थोड्या लोकांवर, थोडे दिवस. काहींत थोडा फायदा दिसला, काहींत काहीच दिसला नाही. साखरेच्या रोग्यानं औषधाऐवजी हे घेतलं आणि तो बरा झाला, असं मला एकाही कागदात सापडलं नाही. तुम्हाला सापडलं असेल तर दाखवा. मी वाचीन."

सरांनी कागद चाळले. बराच वेळ चाळले. "पण रक्तात वाढतं म्हणता ना तुम्ही?"

"विहिरीत पाणी वाढलं म्हणजे पीक आलं असं होतं का, सर? पाणी शेतात पोचलं का, पिकाला तेच कमी होतं का, सगळं पाहावं लागतं. वणीच्या त्या बाईला ते कमीच होतं, म्हणून ती उठून बसली. तुमच्या माझ्या ताटात डाळ आहे, दाणे आहेत. आपल्याला ते कमी आहे, हे आधी कोणी तपासलं?"

सर हट्टाला पेटले नाहीत, पण खचलेही नाहीत. शांतपणे म्हणाले, "बाई, कागदाचं मी मानतो. पण मले सोताले फरक पडला. तो खोटा म्हणू का मी?"

मला वाटलं, आता बाई म्हणतील की तो मनाचा खेळ आहे. त्या म्हणाल्या, "तुमचा फरक खोटा नाही. फक्त तो कशानं पडला, एवढंच विचारायचं आहे. कॅप्सूल सुरू केल्यापासून तुम्ही आणखी काय सुरू केलं?"

सरांनी आठवून सांगितलं. सकाळी फिरायला जाणं सुरू झालं होतं. कॅप्सूल घेणाऱ्यांचा एक गटच जमला होता, तो बरोबर फिरे. चहातली साखर कमी झाली होती. आणि पत्नी गेल्यापासून घरात एकटे बसणारे सर आता रोज माणसांत होते. हे सांगता सांगता ते स्वतःच थांबले.

"हे कसं वेगळं करायचं?" त्यांनी विचारलं. वर्गात प्रश्न विचारणारे सर मला आठवले. या वेळी मात्र त्यांना उत्तर ठाऊक नव्हतं आणि ते खरोखर शोधत होते.

"तुम्ही विज्ञान शिकवलंत. तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या.

आणि तो प्रयोग सरांनीच सुचवला, हे मला इथे मुद्दाम नोंदवायचं आहे. दिसायला सारख्या दोन कॅप्सूल करायच्या, एकीत खरं औषध, दुसरीत काहीही नाही. एक महिना ही, एक महिना ती. कोणती कोणती, हे घेणाऱ्याला कळू द्यायचं नाही. फिरणाऱ्या गटातले जे स्वखुशीनं तयार होतील तेवढ्यांनीच घ्यायच्या.

बाईंनी दोन गोष्टी आधीच स्पष्ट केल्या. ज्याला जी औषधं चालू आहेत त्यातली एकही बंद होणार नाही, आणि सगळ्यांची तपासणी त्या स्वतः करणार. दुसरं म्हणजे, हे काही शास्त्रीय संशोधन नव्हे. यातून जगाला सांगण्यासारखं काही निघणार नाही. "आपल्याला स्वतःला फरक ओळखता येतो का, एवढंच आपल्याला कळेल. तेवढंही पुष्कळ आहे."

रिकाम्या कॅप्सूल आणून भरण्याचं काम माझ्याकडे आलं. खोट्या कॅप्सूलमध्ये काय घालायचं, असं मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "घरात जे असेल ते. ज्वारीचं पीठ घाल." एका प्रकारच्या डब्यांना लाल चिकटपट्टी लावली, दुसऱ्यांना निळी. कोणत्या रंगात काय आहे ते फक्त मला माहीत होतं. मी बाईंना सांगायला गेले तर त्यांनी हात वर केला. "मलाही सांगू नकोस. माझ्या चेहऱ्यावरून ओळखतील. आणि तू त्या दोन महिन्यांत सकाळी बसस्टँडकडच्या रस्त्यानं येत जा. फिरणाऱ्यांना भेटायचंच नाही."

मी तसंच केलं. तरी गटातल्या विमलबाई राठोड एकदा भाजीबाजारात गाठून म्हणाल्याच, "पोरी, सांग ना वं, लाल खरी का निळी?" मी भाजीची पिशवी सोडून पळाले होते.

त्या काळात बाईंना त्रास झाला नाही असं नाही. कॅप्सूल विकणाऱ्या वरच्या मंडळींपर्यंत बातमी गेली. एक गृहस्थ गाडी घेऊन दवाखान्यात आले आणि रोग्यांसमोर मोठ्यानं म्हणाले की मोठ्या औषध कंपन्यांचं तुम्ही खाता, म्हणून आमच्या वस्तूला विरोध करता. बाईंनी त्यांना खुर्ची दिली. म्हणाल्या, "विरोध अजून केलेला नाही. तुमच्याकडे माणसांवरचा चांगला पुरावा असेल तर द्या. उद्या तुमची वस्तू खरी ठरली तर या दाराला पहिली पाटी मी लावीन." त्या गृहस्थांनी पुरावा धाडतो म्हणून सांगितलं. तो काही आला नाही. बाई मात्र अधूनमधून मला विचारीत, "आलं का गं त्यांचं काही?" त्यात टोमणा नव्हता. त्या खरंच वाट पाहत होत्या.

दोन महिने संपल्यावर सगळे दवाखान्याच्या ओसरीवर जमले. चाचाही काठी घेऊन आले होते. बाईंनी एकेकाला विचारलं. कोणी म्हणालं लाल चांगली, कोणी म्हणालं निळी. विमलबाई म्हणाल्या, "मले तं दोन्ही सारख्याच लागल्या. लालनं पोट मातर जरा फुगे." सर शेवटी बोलले, आणि खात्रीनं बोलले. "निळी. निळ्या महिन्यात मी देवळाच्या सगळ्या पायऱ्या न थांबता चढलो. लाल महिन्यात एकदा मधात बसावं लागलं. निळीच खरी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या सरांनी मला भिंगाखाली कांद्याचा पापुद्रा पाहायला शिकवलं होतं, त्यांना मला हे सांगायचं होतं.

"सर, निळीत ज्वारीचं पीठ होतं."

कोणी हसलं नाही. सर हातातल्या निळ्या डबीकडे पाहत राहिले. त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. ओसरीवर असा एक क्षण आला, की त्यात एखादा माणूस गावाच्या नजरेतून कायमचा उतरू शकतो. बाई खुर्चीतून उठल्या आणि सरांच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या.

"सर, निळ्या महिन्यात तुम्ही पायऱ्या चढलात, हे खरं की खोटं?"

"खरं. पण..."

"चढलात ना? पीठ काही पायऱ्या चढत नाही. म्हणजे ती ताकद तुमचीच आहे. डबी संपली तरी ती राहणार."

सरांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. मग ते उठून चाचांसमोर उभे राहिले.

"रफिक, मी तुले खोटं सांगतलं नाही रे. पण तपासल्याबिगर सांगतलं. ते मी वर्गात कोणाले करू देलं नसतं."

चाचा काठी सावरत उठले. "सर, तुम्ही खाल्ली तीच मले देली. दुसरी थोडी देली?" आणि मग हसून म्हणाले, "बसा. उभे काहून राह्यले? आता मास्तर तुम्ही नाई, डॉक्टरबाई हाये." तेव्हा कुठे ओसरी हसली.

त्यानंतर सरांनी जे केलं ते आर्णीनं पाहिलं आहे. त्यांनी ज्यांना कॅप्सूल दिली होती त्या प्रत्येकाच्या घरी ते स्वतः गेले. औषध बंद केलंय का, एवढं ते आधी विचारत. बंद केलेले आणखी काही जण निघाले. एक तर नेरजवळच्या खेड्यात राहायला गेला होता. सर एस.टी.नं तिथे जाऊन त्याला दवाखान्यात घेऊन आले. ज्यांना तरीही ती कॅप्सूल घ्यायची होती त्यांच्याशी ते भांडले नाहीत. "घ्या, पण डॉक्टरची गोळी सोडू नका," असं सांगून परतले. काही लोक अजूनही घेतात. बाईंना ते माहीत आहे. त्या एवढंच विचारतात, "आणि बाकीची औषधं?"

मला या सगळ्यात बाईंचा मोठेपणा कुठे दिसला, असं कोणी विचारलं तर मी ओसरीवरचा तो बाक दाखवीन. बरोबर ठरणं त्यांना फार सोपं होतं. समोरच्या माणसाला सोबत घेऊन बरोबर ठरणं अवघड असतं. त्यांनी सरांना हरवलं असतं तर गावाला एक तमाशा मिळाला असता. त्यांनी सरांना राखलं, आणि गावाला दोन माणसं मिळाली. आता दर वर्षी शाळा सुरू झाल्यावर सर आणि बाई मिळून नववी-दहावीच्या वर्गांवर जातात. फोनवर आलेली एखादी आरोग्याची जाहिरात मुलांसमोर ठेवतात आणि विचारतात, हे कोणावर करून पाहिलं? न घेणाऱ्यांशी ताडून पाहिलं का? सांगणाऱ्याचा यात काय फायदा? मुलं घरी जाऊन आजीआजोबांना हेच प्रश्न विचारून हैराण करतात, अशी तक्रार माझ्याकडे येते. फार गोड तक्रार आहे ती.

बाईंच्या माझ्यावरच्या ऋणांविषयी थोडं लिहून थांबते. माझी मुलगी तान्ही असताना तिचा झोका त्यांच्या तपासणीच्या खोलीत टांगलेला असे. रोगी नाडी दाखवीत आणि बाई पायानं झोका देत. पुढे मी स्वतःची लॅब काढायचं म्हटलं तेव्हा घरच्यांना ते धाडस वाटत होतं. बाई घरी आल्या, अम्मीच्या हातचा शीरखुर्मा खाल्ला आणि वडिलांना म्हणाल्या, "पोरगी तयार झाली आहे, आता मी तिला माझ्याकडे ठेवलं तर ते चूक होईल." लॅबच्या उद्घाटनाला फीत कापायची सोडून त्यांनी बाही वर केली. "पहिलं रक्त माझं घे." मी घेतलं. साखर सीमारेषेवर निघाली. मला तो आकडा सांगवेना. त्यांनी तो माझ्या तोंडून मोठ्यानं वदवून घेतला, सगळ्या पाहुण्यांसमोर. समोरचा पेढा परत ताटात ठेवला आणि म्हणाल्या, "बघा, लॅब चांगली आहे. कोणाचीही भीड ठेवत नाही."

रफिकचाचा आज बरे आहेत. गॅरेजमध्ये बसून पोरांवर ओरडतात, सकाळ-संध्याकाळ पाय पाण्यानं धुऊन, कोरडा करून, निरखून पाहतात. बाईंनी शिकवलेलं ते चुकवत नाहीत. या ग्रंथासाठी तुमच्या वतीनं काय लिहू, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, "लिही, का माहा पाय हाय, तो डॉक्टरबाईच्या मुळं हाय. आन् म्या त्याईच्या गाडीचं सर्व्हिसिंग जिंदगीभर करन, तेवढं त्याईनं आणत जावी. बंद पडेपर्यंत थांबू नोको म्हणा."

बाई, गौरव समितीचे लोक तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही म्हणालात की पंच्याहत्तर वर्षं होणं हे काही कर्तृत्व नव्हे, ते आपोआप होतं. खरं आहे. पण ती वर्षं तुम्ही आमच्यात घालवलीत, हे आपोआप झालेलं नाही. मोठ्या शहरांतली बोलावणी तुम्ही परत पाठवलीत, हे आम्हाला ठाऊक आहे. गुडघे दुखत असूनही तुम्ही अजून सकाळी चालत दवाखान्यात येता. तुमच्या दाराच्या लोखंडी कडीचा आवाज माझ्या लॅबमध्ये ऐकू येतो, आणि बाहेर बाकावर बसलेली बाई शेजारणीला म्हणते, "आल्या वं बाई." तेवढ्यानंच तिचा अर्धा आजार हलका होताना मी पाहिला आहे. हा फरक कशानं पडतो, ते मात्र मला कधी तपासावंसं वाटलं नाही. तुमची नजर अशीच स्वच्छ राहो, पायांना बळ राहो, झोप शांत लागो. आणि ती कडी वाजलेली आम्हाला, आमच्या मुलांना, त्यांच्याही मुलांना रोज सकाळी ऐकू येवो.